अलकनंदेचे पाणी ओळखणारे

२०१७ च्या मे महिन्यात एलटीसी घेऊन आम्ही सहकुटुंब बद्रीनाथला गेलो होतो. आईची कित्येक वर्षांची इच्छा होती. शिवाय एलटीसीची मुदत संपत आली की सरकारी कारकुनाला देव जास्तच आठवतात, हेही तितकेच खरे! परतीच्या वाटेवर ऋषिकेशला दोन दिवस मोकळे मिळाले आणि मुलाने राफ्टिंगचा हट्ट धरला. आईने आपल्या कोंकणीत ठणकावून सांगितले, "गंगेंत न्हावचें आसता, खेळचें नासता." पण नातवापुढे आजीचे कधी चालले आहे? शेवटी ती स्वतःच लक्ष्मणझुल्यापाशी आमची वाट बघत बसली आणि आम्ही दोघे जीपमधून शिवपुरीला गेलो.

तिथे पाहिलेली एक गोष्ट मनात घर करून राहिली. राफ्ट पाण्यात उतरवण्यापूर्वी आमचा गाईड, नदीपलीकडच्या कुठल्याशा गावातला विशी-बाविशीचा पोरगा, पाच मिनिटे नुसता काठावर उभा राहिला. लाटांकडे त्याचे लक्ष नव्हते, तो काठावरचे दगड बघत होता. मी विचारले तेव्हा त्याने दगडांवरचा ओला पट्टा दाखवला. पाण्याच्या वर वीतभर ओल होती, म्हणजे पाणी नुकतेच उतरले होते. "टिहरी ने पानी कम किया है, भैया. शाम को फिर छोड़ेंगे," तो म्हणाला. वर टिहरीच्या धरणात वीज करायला पाणी सोडले की इथे नदी चढते, बंद केले की उतरते, आणि कुठला खडक उघडा पडेल, कुठला झाकला जाईल हे त्यावर ठरते. हे सगळे त्याला त्या ओल्या पट्ट्यावरून कळले होते. आम्हांला त्या सोळा किलोमीटरांत नुसते पांढरे पाणीच दिसले.

वाटेत त्याने एकेका खळाळाची नावे सांगितली. 'रिटर्न टू सेंडर', 'रोलर कोस्टर', 'गोल्फ कोर्स', 'क्लब हाउस', 'डबल ट्रबल'. आणखी वर, कौडियालाच्या बाजूला 'डॅनियल्स डिप', 'द वॉल', 'थ्री ब्लाइंड माइस'. साक्षात गंगेत गोल्फ कोर्स! मी विचारले, गावातले लोक या जागेला काय म्हणतात? तो हसला. "गाँववाले तो यहाँ उतरते ही नहीं थे." आपल्याकडे मांडवीच्या प्रत्येक कोंडाला नाव असते, कारण तिथे कुणीतरी पोहतो, जाळे टाकतो, म्हशी धुतो. इथे नदी गावाच्या पायाशी, पण गाव तिच्यापासून चार हात दूर. आंघोळीचे घाट आणि संगम सोडले तर या पाण्यात उतरायचे कुणाला कारणच नव्हते.

घरी आल्यावर मी या नदीवर मिळेल ते वाचत गेलो आणि मला एका गोष्टीचे नवल वाटू लागले. या खोऱ्याचा इतिहास म्हणजे पाणी ओळखणाऱ्या आणि न ओळखणाऱ्या माणसांचाच इतिहास आहे. त्याची सुरुवात, गोवेकरांना गंमत वाटेल, आपल्या गोव्याशी नाते असलेल्या एका माणसापासून करता येते.

त्याचे नाव आंतोनियु द आंद्राद. पोर्तुगालमधल्या ओलेइरोश गावचा हा जेझुइट पाद्री १६०० साली गोव्यात आला. पुढे मोगल दरबाराकडच्या जेझुइट मिशनचा प्रमुख झाला. हिमालयापलीकडे ख्रिस्ती लोक राहतात अशा दंतकथा त्या काळी युरोपियनांत होत्या. त्यांचा शोध घ्यायला तो १६२४ च्या मार्चअखेरीस मानुएल मार्किश या सोबत्यासह आग्र्याहून निघाला. दिल्लीला बद्रीनाथच्या यात्रेकरूंचा जथा मिळाला, तेव्हा दोघांनी हिंदू वेष घेतला आणि त्या गर्दीत मिसळून हरिद्वारमार्गे डोंगरात शिरले. गढवालची राजधानी श्रीनगर (काश्मीरचे नव्हे, अलकनंदेच्या काठचे) इथे त्यांना अडवून चौकशी झाली. आंद्रादने सांगितले की मी पोर्तुगीज आहे आणि तिबेटात असलेल्या माझ्या भावाला भेटायला निघालो आहे!

या माणसाच्या धर्मकार्याविषयी आपण गोवेकरांचे काय मत असेल ते असो, पण त्याचे डोळे उघडे होते. परतल्यावर त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला आग्र्याहून लिहिलेल्या पत्रात त्याने अलकनंदेच्या दरीचे वर्णन केले. पायापुरती वाट, काही जागी हातांनी कड्याला धरून सरकावे लागते, आणि खाली खोल कुठेतरी गंगा गर्जत असते. दोराच्या पुलांवरून नदी ओलांडायची. आणखी वर गेल्यावर नदीच बर्फाखाली गडप होते आणि त्या बर्फाच्या कमानीवरून माणसे चालत जातात, खालून पाणी घोंघावत असते. यात्रेकरू या सगळ्या वाटेने बद्रीनाथाचा जयजयकार करीत चालले होते हेही त्याने नोंदवले आहे. पुढे माणा गावाहून तो खिंडीच्या बर्फात शिरला. तिथे हातपाय इतके बधिर झाले की बोटाचा तुकडा पडलेला त्याला रक्त दिसल्यावर कळला. ऑगस्टमध्ये तो पश्चिम तिबेटातल्या त्सापारांग नगरीत पोहोचला. अलकनंदेच्या वाटेने हिमालय ओलांडल्याची नोंद ठेवणारा हा पहिला युरोपियन. १६२६ साली लिस्बनला त्याचे पत्र छापून निघाले. नंतर तो गोवा प्रांताचा प्रमुख होऊन परत आला आणि १९ मार्च १६३४ रोजी गोव्यातच वारला. त्याच्यावर विषप्रयोग झाला होता असे इतिहासकार सांगतात. २०२४ साली त्या प्रवासाला चारशे वर्षे झाली, पण त्याची बातमी माझ्या तरी पाहण्यात आली नाही.

आंद्राद नदीच्या बाजूने गेला, नदीतून नव्हे. नंतरची दोन-अडीचशे वर्षे सगळे तसेच गेले. १८०८ साली गंगेचा उगम शोधायला निघालेले वेब, रेपर आणि हियरसी हे सर्वेक्षकही काठाकाठाने बद्रीनाथपर्यंत गेले. नदी ही ओलांडायची गोष्ट होती आणि ओलांडायची म्हणजे झुल्यावरून. दोन काठांवर लाकडी खांब, मध्ये गवताचे जाड दोर, पायाखाली काटक्या. श्रीमंत यात्रेकरूंना टोपलीत बसवून ओढून नेत. ही नदी पोहून जाण्यासारखी नाही हे जनावरेसुद्धा जाणत असावीत. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यामागे जिम कॉर्बेट १९२५-२६ मध्ये लागला होता. तेव्हा बिबट्या नदी ओलांडील तर पुलावरूनच ओलांडील, या हिशेबाने तो रुद्रप्रयागच्या झुलत्या पुलाच्या खांबावर तब्बल वीस रात्री बसून राहिला. बिबट्या आला नाही ती गोष्ट वेगळी.

पाण्यात शिरण्याचे धाडस पहिल्यांदा केले ते पोटासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रेडरिक विल्सन नावाचा, सैन्य सोडून डोंगरात राहिलेला एक इंग्रज भागीरथीच्या काठी हर्षिलला स्थायिक झाला. त्याने टिहरीच्या राजाकडून देवदार तोडण्याचा मक्ता घेतला. एवढे मोठे ओंडके उतरवायचे कसे? त्याने ते नदीत टाकले आणि हरिद्वारला काढून घेतले. रेल्वेला स्लीपर हवे होते, विल्सन गबर झाला, लोक त्याला 'पहाडी विल्सन' म्हणू लागले. त्याची कथा पुष्कळांनी रंगवून सांगितली आहे. मला मात्र त्या ओंडक्यांमागच्या माणसांचे कौतुक वाटते. हिमालयातल्या अशा लाकूडवाहू नद्यांवर फुगवलेल्या म्हशीच्या कातड्यावर पालथे पडून, हातापायांनी पाणी मारत अडकलेले लाकूड सोडवणारे लोक असत. सतलज आणि बियासवर तर अशा कातड्यांवरून माणसे आणि सामान पार करण्याचा धंदाच होता. आपल्याकडच्या तारीसारखेच ते, पण पायाखाली होडीऐवजी हवा! आजचा रबराचा राफ्ट तरी दुसरे काय आहे? या माणसांची नावे कुठल्याच पुस्तकात मला सापडली नाहीत.

आता १८९४ ची गोष्ट. खरे सांगायचे तर हा लेख लिहायला मी बसलो तो मुख्यतः हिच्यासाठी. हिचा खेळाशी काय संबंध असे वाचकांना वाटेल, पण थोडा धीर धरावा.

अलकनंदेला चमोलीच्या वर बिरही गंगा नावाची उपनदी मिळते. १८९३ च्या सप्टेंबरात बिरहीच्या दरीत गोहना गावाजवळ अख्खा डोंगर कोसळून पात्रात पडला. सुमारे नऊशे फूट उंचीचा बांध आपोआप तयार झाला आणि त्यामागे पाणी तुंबू लागले. बातमी गावातून वर गेली. पुलफोर्ड नावाचा वरिष्ठ अभियंता जाऊन पाहून आला. त्याने पाणी किती वेगाने चढते त्याचा हिशेब मांडला आणि अहवाल दिला की पुढच्या वर्षी ऑगस्टच्या मध्याच्या सुमारास तलाव भरून वाहू लागेल, आणि मग पूर येईल. वर्षभर आधी! भूगर्भखात्याचा हॉलंडही जाऊन आला. बांध फोडण्याच्या भानगडीत कुणी पडले नाही, कारण तेवढे दगड हलवणे माणसाच्या हातचे नव्हते. त्याऐवजी जे हातचे होते ते केले. तलावाशी क्रुकशँक नावाचा एक तरुण लष्करी अभियंता बसवला. गोहनापासून हरिद्वारपर्यंत तारयंत्राची तार ओढली. दरीच्या दोन्ही बाजूंना पूर कुठवर चढेल त्याच्या खुणा उभारल्या, म्हणजे अडाणी माणसालाही कळावे की या खुणेच्या वर गेले की जीव वाचला. यात्रेची वाट वळवली. झुलते पूल पुरात जाऊ नयेत म्हणून सोडवून ठेवले. बाजारातला माल आणि माणसे वर हलवली.

२५ ऑगस्ट १८९४ ला सकाळी पाणी बांधावरून वाहू लागले. हिशेब दहा-बारा दिवसांनी चुकला होता. मध्यरात्रीच्या सुमारास बांध फुटला. धुके आणि अंधार, दिसत काहीच नव्हते, नुसता आवाज. काही तासांत सुमारे एक हजार कोटी घनफूट पाणी दरीत उतरले आणि तलाव ३९० फुटांनी खाली गेला. श्रीनगर, आंद्रादला जिथे अडवले होते ते राजधानीचे जुने गाव, राजवाड्यासकट धुऊन गेले. आजचे श्रीनगर त्यानंतर वरच्या जागेवर आखून वसवलेले आहे. आणि माणसे गेली किती? पाच. एक फकीर आणि त्याचे कुटुंब. त्यांना आधी तिथून हलवले होते, ते परत येऊन राहिले होते.

मी खात्यात आवक-जावक सांभाळतो. किती अहवाल येतात, किती नोंदवले जातात आणि किती कपाटात झोपतात हे मला कुणी सांगायला नको. म्हणूनच गोहनाची ही हकीकत पहिल्यांदा वाचली तेव्हा खुर्चीत सरळ होऊन बसलो. एका अभियंत्याने पाण्याचा हिशेब केला, वरच्यांनी तो वाचला आणि त्याप्रमाणे वागले, इतकेच. राज्य परक्यांचे होते, आणि हरिद्वारचे कालव्याचे मुख आपल्याला वाचवायचे आहे हा त्यांचा स्वार्थही त्यात होता. पण तारेच्या एका ओळीने सगळे खोरे वाचले. नदी ओळखणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. तो गाईड ओल्या पट्ट्याकडे बघत होता, तेच काम पुलफोर्डने मोठ्या मापावर केले होते.

गोहनाचा उरलेला तलाव पुढे पाऊणशे वर्षे टिकला आणि जुलै १९७० च्या पुरात तोही फुटून गेला. तोपर्यंत वरची जंगले ठेकेदारांनी साफ केली होती. त्या पुरात मदतकार्य करणाऱ्या गोपेश्वरच्या चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोडलेले डोंगर आणि घसरलेली माती यांचा संबंध जोडला. १९७३ मध्ये याच खोऱ्यात चिपको आंदोलन उभे राहिले आणि २६ मार्च १९७४ ला रेणी गावात गौरादेवीने बायकांना घेऊन झाडे वाचवली. ती हकीकत सर्वांना ठाऊक आहे. रेणीचे नाव मात्र लक्षात ठेवावे, पुढे पुन्हा येणार आहे.

आता खेळाकडे येतो. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी १९७७ साली अठ्ठावन्न वर्षांचा होता. दोन वर्षांपूर्वी काठमांडूच्या विमान अपघातात बायको लुईस आणि धाकटी मुलगी बेलिंडा गेली होती. त्या दुःखातून उठून त्याने एक वेगळीच मोहीम काढली. समुद्रापासून आकाशापर्यंत, म्हणजे गंगासागरापासून गंगेच्या उगमाकडे नदीतूनच वर जायचे आणि शेवटी एका शिखरावर चढायचे. वाहन होते जेटबोट. ही बोट हिलरीच्याच देशातली. न्यूझीलंडच्या कँटरबरी भागातल्या नद्या रुंद, उथळ आणि दगडगोट्यांच्या. साध्या बोटीचा पंखा तिथे दगडाला लागून मोडतो. म्हणून तिथल्या बिल हॅमिल्टन या मेंढपाळ शेतकऱ्याने १९५० च्या दशकात नवी युक्ती काढली. बोटीच्या तळातून पाणी ओढून घ्यायचे आणि मागून जोराने फेकायचे. खाली काहीच लोंबत नसल्यामुळे वीतभर पाण्यातही बोट धावते. बिलचा मुलगा जॉन हा १९६० साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीतून, ग्रँड कॅनियनमधून, प्रवाहाविरुद्ध बोट वर घेऊन गेला होता. नेपाळच्या सुनकोशीवरही हिलरीने १९६८ साली या बोटी नेल्या होत्या. गंगेवर हाच जॉन हॅमिल्टन होता. काशीत राहून अभ्यास केलेला जिम विल्सन होता, हिलरीचा मुलगा पीटर होता. भारतीयांत १९६५ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते कॅप्टन मोहनसिंग कोहली होते. तीन बोटींची नावे गंगा, एअर इंडिया आणि किवी.

ऑगस्टच्या अखेरीस, भर पुराच्या गंगेत ते निघाले. बंगाल-बिहारच्या सपाटीवर काठाकाठाने लोकांचे थवे दर्शनाला जमत. दर्शन हिलरीचे की बोटींचे की गंगेच्या उलट दिशेने जाण्याच्या या विचित्र यात्रेचे, कोण जाणे! काशीत पूजा झाली. ऋषिकेशच्या वर खरी कसोटी सुरू झाली. आम्ही मे महिन्यात खालच्या दिशेने आलो तेच पाणी, पण पावसाळ्यातले आणि वरच्या दिशेने. खळाळाखाली, खडकाआड पाणी जिथे संथ होऊन उलटे फिरते तिथे बोट थांबवायची, वरची वाट निरखायची, आणि एकदा ठरले की पूर्ण जोराने जिभेसारख्या गुळगुळीत धारेत घालायची. चुकली की बोट आडवी होऊन पाण्याखाली. देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग मागे पडले. सप्टेंबरच्या शेवटी नंदप्रयागाजवळ नदीने सरळ धबधबाच पुढे उभा केला. जेटबोट खळाळ चढते, भिंत चढत नाही. तिथे बोटी थांबल्या. पुढचा प्रवास जमिनीवरून. साथीदार बद्रीनाथच्या बाजूच्या 'आकाश पर्वत' शिखरावर पोहोचले, पण खुद्द हिलरी अठरा हजार फुटांच्या आसपास विरळ हवेने आजारी पडला. मित्रांनी तंबूत गुंडाळून त्याला ओढत खाली आणला आणि हेलिकॉप्टरने हलवला. एव्हरेस्टवर चढलेल्या माणसाला त्याच्या अर्ध्याहून थोड्या जास्त उंचीवर परतावे लागले. आठ वर्षांनी हाच माणूस न्यूझीलंडचा उच्चायुक्त म्हणून दिल्लीत येऊन राहिला.

हिलरी वर गेला, त्याच्यामागून आलेले खाली येऊ लागले. १९८० च्या दशकात ऋषिकेशच्या वर राफ्टिंगचा व्यवसाय मूळ धरू लागला. सुरुवातीचे गिऱ्हाईक परदेशी, काही गाईडही बाहेरचे, म्हणून खळाळांची बारशी इंग्रजीत झाली. ओझी वाहायला आणि स्वयंपाकाला लागलेल्या गावच्या पोरांनी हळूहळू वल्ही हातात घेतली. नदीत न उतरणाऱ्या गावांची मुले पिढीभरात तिचे पाणी ओळखू लागली. ही गोष्ट मला हिलरीच्या मोहिमेइतकीच मोठी वाटते.

खळाळ होतो कसा हे मला त्या दिवशी आमच्या गाईडनेच समजावले. बाजूच्या डोंगरातून 'गधेरा', म्हणजे आपला व्हाळ, पावसात मोठमोठे धोंडे घेऊन येतो आणि नदीच्या तोंडाशी टाकतो. पात्र अरुंद होते, पाणी तुंबून धोंड्यांवरून उसळते. एखादा मोठा पूर आला की धोंडे हलतात आणि मागच्या हंगामाचा खळाळ या हंगामाला वेगळाच निघतो. त्यामुळे सप्टेंबरच्या मध्यानंतर पावसाळा सरला की गाईड लोक गिऱ्हाईक न घेता आधी आपणच नदी पाहून येतात. त्यांची वहीच ती, दरवर्षी नव्याने लिहावी लागणारी.

या वहीची पाने मात्र फाटत चालली आहेत. भागीरथीवर २६० मीटर उंचीचे टिहरी धरण झाले. २००५ च्या ऑक्टोबरात बोगदे बंद झाले आणि जुन्या टिहरी गावाबरोबर भागीरथीतले खळाळही बुडाले. अलकनंदेवर विष्णुप्रयागचा ४०० मेगावॅटचा प्रकल्प २००६ मध्ये, श्रीनगरचा ३३० मेगावॅटचा २०१५ मध्ये सुरू झाला. अशा प्रकल्पांना 'वाहत्या पाण्यावरचे' म्हणतात, पण नदी बोगद्यात किंवा कालव्यात घालतात आणि मधले पात्र कोरडे राहते. आमच्या बसमधून मी ते पाहिले. पाटी 'अलकनंदा' आणि खाली नुसते पांढरे गोटे. जून २०१३ च्या महापुरात श्रीनगरला प्रकल्पाचा काठावर रचलेला मलबा वाहत येऊन घराघरांत भरला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये रहिवाशांना सव्वानऊ कोटींच्या आसपास भरपाई मंजूर केली. १८९४ नंतर माणसांनी मुद्दाम उंचावर वसवलेल्या त्या गावाच्या खालच्या अंगाला पुन्हा वस्ती उतरली होती.

राफ्टिंगवाले सगळे साधू नव्हेत, हेही लिहिले पाहिजे. वाळूवर तंबूंची रांग, रात्री गाणीबजावणी, दारू, उघड्यावर घाण. २०१५ च्या डिसेंबरात हरित लवादाने काठापासून शंभर मीटरच्या आत तंबू ठोकायला बंदी केली. जून २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने नीट नियम होईपर्यंत राफ्टिंगच थांबवले. नियम दुरुस्त झाल्यावर ते पुन्हा सुरू झाले. आई म्हणत होती तेच थोड्याफार फरकाने न्यायमूर्तींनी म्हटले! मला दोन्ही बाजू पटतात. पण एक शंका येते. तंबूवाल्याला शंभर मीटर मागे सारणे सोपे आहे, अख्खी नदी बोगद्यात घालणाऱ्याला किती मीटर मागे सारायचे?

७ फेब्रुवारी २०२१. रविवारची सकाळ. रोंटी शिखराच्या कड्याचा प्रचंड तुकडा, खडक आणि बर्फ मिळून, सुटून दरीत कोसळला. ऋषीगंगा आणि धौलीगंगेतून चिखलाचा लोंढा उतरला. तोच तो रेणी गाव, तिथला छोटा प्रकल्प नाहीसा झाला. खाली तपोवनला ५२० मेगावॅटच्या प्रकल्पाचे काम चालू होते. माणसे बंधाऱ्यावर आणि बोगद्यात होती. दोनशेहून अधिक मेली किंवा बेपत्ता झाली. लोंढ्याला रेणीहून तपोवनला यायला मिनिटे लागली, पण त्या मिनिटांत वाजायला भोंगा नव्हता. वरच्या गावातल्या एका बाईने लोंढा पाहिला आणि खाली कामावर असलेल्या आपल्या मुलाला फोनवर फोन केले. त्याने ऐकले, सोबत्यांना घेऊन पायऱ्या चढून वर पळाला, आणि दोन डझनांच्या आसपास माणसे वाचली. १२७ वर्षांपूर्वी याच खोऱ्यात सरकारने तारयंत्र ओढले होते. २०२१ मध्ये ते काम एका आईच्या मोबाईलने केले.

त्या बातम्या टीव्हीवर चालू होत्या तेव्हा मुलाने मला विचारले, "बाबा, आपला तो गाईड कुठे असेल?" मला त्याचे नावही आठवेना. ऋषिकेश तिथून दूर आहे, तिथे काही झाले नव्हते, एवढेच मी सांगितले. २०१९ मध्ये जुना झाल्यामुळे बंद केलेला लक्ष्मणझुला, जिथे आई आमची वाट बघत बसली होती, तोही त्या बातम्यांत एकदा ओझरता दिसला.

आपल्या सत्तरीतही २०१२ पासून पावसाळ्यात म्हादईवर राफ्टिंग होते, वाळपईच्या पुढे उस्त्याजवळून. सगळे तिथल्या उलट. गंगेवर जुलै-ऑगस्टमध्ये खेळ बंद, आपल्याकडे त्याच दिवसांत सुरू, कारण म्हादईला बर्फ नाही, जे काही आहे ते वरून पडणारे आणि वर कर्नाटकातून येणारे. त्या वरच्या पाण्याचा तंटा लवादाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये निवाडा दिला तरी संपलेला नाही, हे मी सांगायला नको.

एका जुलैत आम्ही बापलेक उस्त्याला जाऊन आलो. हुंवार ओसरून दोन दिवस झाले होते. बोट पाण्यात घालण्यापूर्वी तिथलाही पोरगा पाण्याशी खाली बसला आणि काठच्या झुडपांवर चिकटलेला कचरा किती वर आहे ते बघू लागला. मग उठून म्हणाला, "आज उदक कमी आसा. दगड लागतले. पाय घट्ट धरात."